नंदिग्रामात राहिलेला भाऊ

चैत्र शुद्ध नवमीस माध्यान्हीच्या समयी पाळण्याची दोरी हलते, गुलाल उधळला जातो, सुंठवड्याचा प्रसाद हातोहात वाटला जातो आणि मंडळी आपापल्या घरी परततात. सोहळा एका रामाच्या जन्माचा. परंतु कथा पाहू गेल्यास दशरथाच्या घरी त्या सुमारास पुत्र चार झाले. पाळणा मात्र आपण एकच बांधतो. लक्ष्मणाला गाभाऱ्यात रामाशेजारी जागा तरी आहे; भरत-शत्रुघ्नांच्या वाट्याला आपल्याकडे तीही क्वचितच येते. या चार भावांविषयी आज काही लिहावयाचे योजिले आहे, आणि त्याला निमित्त कोणता ग्रंथ नसून दूरदर्शनवरील एक मालिका आहे. हे वाचून आमचे काही सहाध्यायी शास्त्री कपाळाला आठ्या घालतील. घालोत.

रामानंद सागर यांची 'रामायण' ही मालिका दिनांक २५ जानेवारी १९८७ रोजी सुरू झाली आणि ३१ जुलै १९८८ पर्यंत दर रविवारी सकाळी साडेनऊ वाजता चालली. ज्यांनी ते रविवार पाहिले त्यांस वर्णन करून सांगणे नको. रस्ते ओस पडत, दुकानांच्या फळ्या अर्ध्या लागत, आणि ज्या घरी संच असे त्या घरच्या ओसरीवर पायताणांचा ढीग साचे. संचाला हार घालून, उदबत्ती लावून माणसे हात जोडून बसत. आमच्या पैठणासारख्या क्षेत्रात तर ही गोष्ट विशेषच जाणवली. कारण रविवारी सकाळी नाथांच्या वाड्याकडे वळणारी पावले त्या दीड वर्षात भलतीकडे वळू लागली होती.

आम्ही तेव्हा सत्ताविशीत होतो. पाठशाळेतून नुकतेच बाहेर पडलेलो, वाल्मीकींचे अयोध्याकांड बहुतेक मुखोद्गत, आणि नारदीय गादीवर उभे राहावयास लागून चारपाच वर्षे झालेली. त्या वयात विद्येचा ताठा जितका असावा तितका होता. 'मुखाने गावयाची कथा यंत्रातून पाहावयाची काय?' असे आम्ही पूर्वरंगात ठासून सांगत असू, आणि समोरचे श्रोते माना डोलावून दुसऱ्याच रविवारी त्या यंत्रापुढे जाऊन बसत. आमच्या वडिलांच्या पिढीने असाच आक्षेप रेडिओवर घेतला असता तर १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर सुरू झालेल्या गदिमा आणि बाबूजींच्या गीतरामायणाला महाराष्ट्र मुकला असता. हे आम्हांस तेव्हा सुचले नाही.

पावसाळा लागला होता. शेजारच्या वाड्यातील एका वृद्ध काकूंना कोणीतरी सोबत हवी होती म्हणून आम्ही त्यांच्या हाताला धरून नेले. एरवी गेलो नसतो असे आज म्हणतो खरे, पण जावेसे वाटतच होते. माजघरात पन्नासएक माणसे दाटीने बसली होती. पडद्यावर भरत आजोळाहून परत आला होता. ती भूमिका संजय जोग या मराठी नटाची. कौसल्या जयश्री गडकर, दशरथ बाळ धुरी, मंथरा ललिता पवार. म्हणजे अयोध्येचा निम्मा राजवाडा आपल्याच माणसांनी भरलेला, याचे काकूंना मोठे कौतुक. आम्ही व्याकरण शोधीत बसलो होतो, आणि पाहता पाहता तो भरत चित्रकूटी पोहोचला. रामाच्या पायांशी पडला. पुढे काय झाले ते आम्हांस पडद्यावर दिसले नाही, कारण डोळ्यांपुढे दिसेनासे झाले होते. जे आख्यान आम्ही स्वतः वीसपंचवीस वेळा लावले होते, ज्याच्या साकी-दिंडीवर पेटीवाल्याला डोळ्यांनी खूण करण्याइतके आम्ही सावध असू, त्यावर आम्ही प्रथमच रडलो. आणि तेही परक्याच्या माजघरात, हिंदी संवाद ऐकून.

त्या दिवसापासून आम्ही त्या मालिकेचे चाहते झालो. आज सांगावयास संकोच वाटत नाही. सुनील लहरींचा लक्ष्मण रागाने लाल होऊन धनुष्याला हात घालतो आणि अरुण गोविलांचा राम नुसते त्याच्याकडे पाहतो, तेवढ्या पाहण्यात धाकट्याचा राग उतरतो. हा क्षण पाहावयास आम्ही रविवारची वाट पाहत असू. घराघरांतील लहान मुले खराट्याच्या काड्यांचे बाण करून 'भैया, भैया' म्हणत फिरत होती. मराठी घरांतून 'दादा' ही हाक त्या दिवसांत मागे पडली की काय अशी भीती वाटे.

विद्वान मंडळी म्हणतात, मालिकेने वाल्मीकींना सोडले. मालिकेचा मुख्य आधार तुलसीदासांचे रामचरितमानस आणि वाल्मीकिरामायण. शिवाय कंब, कृत्तिवास आणि आमच्या नाथांचे भावार्थरामायण यांचाही तिने ऋणनिर्देश केला आहे. नाथांनी तरी काय केले? त्यांनीही मूळ कथेत महाराष्ट्राचे अंतःकरण ओतलेच. आपल्या कथापरंपरेत कैकेयीच्या हातचे पायस घार उचलून नेते आणि ते अंजनीच्या ओंजळीत पडते. वाल्मीकींच्या ग्रंथात ही घार नाही. परंतु त्या एका घारीने मारुतिरायाला दासाचा भाऊ करून टाकले! युद्धकांड पुरते होण्यापूर्वी नाथांनी देह ठेवला आणि पुढचा भाग गावबाने पूर्ण केला, असे परंपरा सांगते. कथा अशीच हातांतून हातांत जात आली आहे. ती एका सागरांच्या हाती गेली, एवढ्यावरून ती बाटली असे आम्हांस वाटत नाही.

पायसाचा विषय निघाला आहे तर थोडे विषयांतर करतो. वाल्मीकींच्या हिशेबाने पायसाचा अर्धा भाग कौसल्येला, उरलेल्याचा अर्धा सुमित्रेला, त्यातून उरलेल्याचा अर्धा कैकेयीला, आणि शेवटचा अंश विचार करून पुन्हा सुमित्रेला. वाटणी समान नाही, हे ध्यानात घ्यावे. कालिदासाने हा प्रसंग गोड केला: कौसल्या आणि कैकेयी या दोघींनी आपापल्या वाट्यातून सुमित्रेला दिले. म्हणून लक्ष्मण रामाच्या मागे आणि शत्रुघ्न भरताच्या मागे, असे हरिदास मंडळी सांगतात. बालपणाचे वर्णन करताना वाल्मीकी म्हणतात की लक्ष्मण जवळ नसता रामाला झोप येत नसे आणि मिष्टान्न पुढे आले तरी त्याच्यावाचून तो घास घेत नसे. पुढे लंकेच्या रणात लक्ष्मण शक्ती लागून पडतो तेव्हा राम विलाप करतो, की पत्नी आणि सोयरे देशोदेशी मिळतील, परंतु असा भाऊ जेथे मिळेल तो देश मला दिसत नाही. तेथे शब्द आहे 'सहोदर'. आता लक्ष्मण सुमित्रेचा, राम कौसल्येचा, सहोदर कसे? यावर पंडितांनी पुष्कळ ऊहापोह केला आहे, आणि पायस एकच होते असे समाधान काढणारेही आहेत. आम्हांस विचाराल तर शोकाच्या भरात माणूस वंशावळ पाहत नाही, इतकेच त्याचे उत्तर आहे.

असो. आमचे म्हणणे निराळेच आहे. मालिका पाहून घरोघरी जे प्रेम उसळले ते मुख्यतः राम-लक्ष्मणांच्या जोडीवर. वनात बरोबर गेलेला भाऊ सर्वांना आवडला. ते स्वाभाविकच आहे. लक्ष्मणाचे प्रेम डोळ्यांना दिसते. तो पर्णकुटी बांधतो, रात्रीचा जागतो, पुढे होऊन काटे दूर करतो. भरताचे प्रेम दिसावयाला कठीण आहे, कारण तो घरी आहे. संपत्ती ज्याच्या हाताशी आहे, सही करण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे, आणि मोठा भाऊ ज्याच्यापासून दूर आहे, त्या भावाने कसे वागावे, हा भरताचा प्रश्न आहे; आणि आजच्या दहा घरांत शोधले तर लक्ष्मणाचा प्रश्न एखाद्या घरी निघेल, भरताचा प्रश्न नऊ घरी निघेल.

आणि या भरतावर किती जणांनी संशय घेतला ते पाहावे! आजोळाहून येतो तो पहिला बोल कौसल्येचा, की 'घे, तुझे राज्य निष्कंटक झाले'. बिचारा तिच्यापुढे शपथांवर शपथा घेतो; तो शपथांचा सर्ग वाचताना आम्हांस आजही कानकोंडे होते. पुढे शृंगवेरपुरी निषादराज गुह नावा अडवून सज्ज राहतो, की हा सैन्य घेऊन रामाला मारावयास तर निघाला नाही? भरद्वाजांसारखे ऋषीही तोच प्रश्न विचारतात. त्यांच्या आश्रमात दिव्य राजगृह उभे राहते, सिंहासन मांडलेले असते. भरत त्या सिंहासनाला रामाचे समजून नमस्कार करतो आणि हाती चवरी घेऊन प्रधानाच्या आसनावर बसतो. तेथे रामही नाही, अयोध्याही नाही. तरी बसत नाही. चित्रकूटी लक्ष्मण झाडावर चढून सैन्य पाहतो आणि सख्ख्यासारख्या भावाचा वध करण्याची भाषा बोलतो. राम त्याला म्हणतो, की तुला राज्याचीच इच्छा असेल तर भरताला सांगतो, तो तुला देऊन टाकील. लक्ष्मण लाजेने अंग चोरून घेतो. तुलसीदासांनी हा प्रसंग आकाशवाणीने सावरला. वाल्मीकींनी मोठ्या भावाच्या त्या एका खोचक वाक्यावर सोडला. घरातील माणसे एकमेकांना अशीच ताळ्यावर आणतात.

सर्वांत शेवटचा संशय रामाचा आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. लंका जिंकून परत येताना भरद्वाजांच्या आश्रमातून राम मारुतीला पुढे धाडतो आणि सांगतो, की माझ्या येण्याची वार्ता ऐकून भरताचा चेहरा कसा होतो ते नीट पाहून ये. वाडवडिलांचे समृद्ध राज्य हाती आल्यावर कोणाचे मन फिरणार नाही? त्याला राज्य हवेसे झाले असेल तर ते त्यानेच करावे. तुलसीदासांच्या कथेत ही शंका नाही; तेथे मारुती केवळ क्षेमकुशल सांगावयास जातो. भक्तीला शंका सोसत नाही, हे आम्ही समजू शकतो. कीर्तनात आम्हीही कित्येक वर्षे हा भाग गाळीत असू. परंतु रामाने शंका घेतली म्हणून राम लहान होत नाही. चौदा वर्षे पत्र नाही, निरोप नाही. इतक्या अंतराने भाऊ भावाला पाहावयास निघाला की छातीत धडधडतेच. मारुती अयोध्येपासून एका क्रोशावर नंदिग्रामी उतरतो आणि पाहतो तो वल्कले नेसलेला, जटा वाढलेला, कृश झालेला माणूस पादुकांपुढे बसून राज्य करीत आहे. त्याच्या चेहऱ्यावर काय पाहावयाचे ते मारुतीने पाहिले.

मालिकेतील भेटीवर लोक रडतात. आमच्या मते खरी भेट त्यानंतर आहे. भरत स्वहस्ते त्या पादुका रामाच्या पायांत घालतो आणि मग हिशेब देतो. होय, हिशेब. कोश, कोठार, सैन्य हे सर्व तुमच्या प्रतापाने दसपट झाले आहे, पाहून घ्यावे, असे तो म्हणतो. आलिंगन झाले, अश्रू झाले, आता कागद कशाला, असे त्याला वाटले नाही. हा भाग कीर्तनात रंगत नाही. पेटीवाल्याला येथे काही काम नसते.

आम्हांस हा भाग उशिरा कळला, तो का, हे सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही.

आमचे थोरले बंधू, ज्यांना घरात आम्ही दादा म्हणतो, आमच्याहून नऊ वर्षांनी मोठे. वडिलांच्या हरिदासीवर घर चालणे कठीण झाले तेव्हा ते मुंबईस गेले आणि एका कापडगिरणीच्या कचेरीत कारकुनीस लागले. आम्ही पाठशाळेत असताना दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत त्यांची मनीऑर्डर येई. कौमुदीचे आमचे पुस्तक त्या पैशाचे, अंगावरचे उपरणे त्या पैशाचे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि दादांची गिरणी पुन्हा कधी नीट उघडली नाही. वडील १९८४ साली गेले. तेराव्यानंतर दोन महिन्यांनी दादांचे पत्र आले: घर आणि गोदाकाठचे शेत यांतला माझा वाटा काय होईल तो द्यावा, मुलांच्या शाळेची अडचण आहे. पत्र अर्ध्या पानाचे होते. आम्ही उत्तर चार पानांचे लिहिले. घरात रामाचे देवघर आहे, पिढीजात सेवा आहे, देवाचे घर मोजून वाटता येत नाही, असे त्यात होते. आणि सांगावयास लाज वाटते, भरताचा दाखलाही होता. भरताने राज्य सांभाळले, आम्हीही सांभाळीत आहोत, अशा अर्थाचा. शेताचा खंड दरवर्षी येत होता. त्याचा आकडा त्या चार पानांत कोठेही नव्हता.

पुढे कोर्टात वाटपाचा दावा पडला, तारखा पडत गेल्या. दोघा भावांचे बोलणे बंद झाले. बीडला दिलेली आमची ताई एका वर्षी भाऊबीजेला पैठणास येई, एका वर्षी मुंबईस जाई, आणि दोन्हीकडे दुसऱ्या घराचे नाव काढीत नसे. तिच्याकडून आम्ही हक्कसोडपत्रावर सही घेतली होती. तिने वाचूनही पाहिले नाही. 'तुम्ही दोघे एकदा बोला', एवढेच म्हणाली.

शेजारच्या माजघरात भरताला पाहून आम्ही रडलो ते १९८७ साली. तेव्हा हे पत्र लिहून तीनच वर्षे झाली होती. घरी येऊन आम्ही डोळे पुसले, दुसऱ्या दिवशी वकिलाकडे गेलो आणि मुदतवाढीच्या अर्जावर सही केली. लोक म्हणतात, मालिका पाहून माणसे सुधारली. आम्ही तरी सुधारलो नाही. उलट त्या पावसाळ्यानंतर आमचे भरतभेटीचे आख्यान फार गाजू लागले. गावोगावची बोलावणी आली, बिदागी वाढली. रडू आता खरे येत होते ना! मालिकेचा दोष नव्हे. तिने जे दाखवावयाचे ते दाखविले होते. आम्ही रामाच्या पायांशी पडलेला भरत पाहिला आणि हिशेब देणारा भरत पाहिला नाही.

२०२० सालच्या टाळेबंदीत, २८ मार्चपासून, दूरदर्शनने ती मालिका पुन्हा लावली. सकाळी नऊ आणि रात्री नऊ. त्या वर्षी रामनवमीला देऊळ बंद, कीर्तन बंद. साठाव्या वर्षी आम्ही जन्माचा पाळणा घरातल्या घरात पत्नीसह म्हटला. त्या चैत्रातील एका सकाळी दूरध्वनी वाजला. पलीकडून श्वासाचा आवाज आला आणि मग दादा म्हणाले, "आज चित्रकूट आहे रे. लावलं आहेस ना?" छत्तीस वर्षांत ऐकलेले ते पहिले वाक्य. आम्ही म्हणालो, "लावलं आहे, दादा." मग दोघांनीही फोन ठेवला नाही. त्यांच्या घरचा आवाज आमच्या घरच्या आवाजाहून किंचित मागे चालत होता; भरताचे प्रत्येक वाक्य आम्हांस दोनदा ऐकू आले. मध्येच दादा म्हणाले, "हा जोग फार लवकर गेला बघ." संजय जोग १९९५ साली ऐन चाळिशीत वारले. दादांना त्याची आठवण होती. आम्हांस वाटत होते, या माणसाने मालिका पाहिलीच नसेल. मुंबईच्या एका खोलीत, संप मोडल्यानंतरच्या त्या दिवसांत, तोही दर रविवारी कोणाच्या तरी दाराशी पायताण काढून बसत होता तर.

वाहने सुरू झाल्यावर आम्ही डोंबिवलीस गेलो. जाताना १९८४ पासूनच्या खंडाची वही बरोबर नेली. जुनी पाने सापडली नाहीत ती आठवून लिहून काढली होती. दादांनी वही उघडली, दोन पाने चाळली, आणि एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाले, "या सालात दुष्काळ होता. एवढा खंड आला नसेल. खोडून कमी कर." वहिनी आत चहा करीत होत्या, त्यांनी बाहेर येऊन आमच्याकडे पाहिलेही नाही, आणि त्यांचे ते न पाहणे योग्यच होते. मुलांच्या फीसाठी स्वतःच्या पाटल्या त्यांनी मोडल्या होत्या.

दावा तडजोडीने निकाली निघाला. घरावर आणि शेतावर आता तिघांची नावे आहेत. ताईचे नाव घालावे हा आग्रह दादांचा. खंडाची रक्कम आम्ही हप्त्याहप्त्याने देत आहोत, अजून पुरती फिटलेली नाही. वहिनी बोलू लागल्या आहेत, मोजके. दादा रामनवमीला आदल्या दिवशी येतात, ओसरीवरच्या खांबाला टेकून बसतात आणि कीर्तन संपल्यावर आमच्या चुका सांगतात. गेल्या खेपेला म्हणाले, की लक्ष्मणशक्ती लावतोस तेव्हा घाई करतोस, रामाला रडू तरी दे.

यंदा भरतभेट लावावी आणि ती चित्रकूटावर न थांबवता नंदिग्रामापर्यंत न्यावी, हिशेबासह, असे आमच्या मनात आहे. तासाभरात बसेल की नाही, याची शंका आहे. दादांना विचारले आहे. ते म्हणाले, "पेटीवाल्याला विचार."